बासष्टचे अठ्ठावन्न

ऐंशीच्या सुमारास नागपुरातल्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो, तिथे पंपांचे पाये आणि पंख्यांचे दांडे हलवून तपासले जात. एका उन्हाळ्यात उपग्रहात बॅटरी बसवायचे अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट चाचणीला आले आणि आमचे मुख्य साहेब दुसऱ्याच दिवसापासून अंतराळाविषयी बोलू लागले. त्याआधी ते कूलरविषयी बोलत.

पद्धत सरळ आहे. वस्तू हादरे देणाऱ्या मेजावर घट्ट बसवायची. आधी अगदी हलकेच हलवत कंपनांचा वेग वाढवत न्यायचा आणि कोणत्या वेगाला ती सर्वांत जास्त थरथरते ते टिपायचे. मग रॉकेटमध्ये बसतील तेवढे खरे हादरे. मग पुन्हा हलकेच. दोन्ही आकडे जुळले तर वस्तू शाबूत. दुसरा उतरला तर काहीतरी सैल झाले किंवा फाटले, डोळ्यांना दिसो न दिसो.

आमचा आकडा आधी सेकंदाला बासष्ट होता, नंतर पंचावन्न.

"उन्हानं मेण पाघळलं असंल," साहेब म्हणाले. कंपन मोजणारे बटणाएवढे सेन्सर आम्ही मेणाने चिकटवत असू. मेण मऊ होई हे खरे, म्हणून मी सेन्सर स्क्रूने बसवला. पंचावन्नच.

"मंग बोल्ट ढिले असतील. आवळा."

आवळले. अठ्ठावन्न.

"झालं ना मंग. बासष्ट काय, अठ्ठावन्न काय. काहून डोकं खाऊन राहिले तुम्ही? पास लिहा. संध्याकाळी पाहुणे येऊन राहिले."

हेच गृहस्थ चहात अर्धा चमचा साखर जास्त पडली तर कप परत पाठवत.

पाहुणा म्हणजे ब्रॅकेट पाठवणाऱ्या संस्थेचा अभियंता. आम्ही पास म्हटले की याच नमुन्यावरून उडणारे ब्रॅकेट बनणार होते, आणि वर गेल्यावर बॅटरी सुटली तर पाना घेऊन तिथे कोणी जाणार नव्हते.

मी ब्रॅकेट उतरवले, त्यावर लाल रंग लावला, पुसून काढला आणि पांढरी पूड फवारली. भेग असेल तर तिच्यात उरलेला रंग पुडीवर उमटतो. एका बोल्टच्या भोकाशी नखाएवढी लाल रेघ उमटली. साहेबांना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"पुसून टाका."

"रेघ पुसता येईल, साहेब. भेग राहील."

"मंग राहू द्या. कोणाले दिसून राहिली ते?"

मी पुसली नाही. संध्याकाळी चिवड्याच्या बशीशेजारी ब्रॅकेट ठेवले, रेघेची बाजू वर करून. पाहुण्याने ते उचलून खिडकीपाशी नेले आणि आकडे विचारले. मी तिन्ही सांगितले. साहेबांच्या चेहऱ्यावर काही उमटते का, हे मी पाहत होतो.

"याच्यासाठीच तर आपण इतकी कडक चाचणी घेतो," ते पाहुण्याला म्हणाले आणि बशी पुढे सरकवली.

ब्रॅकेट नापास होऊन परत गेले. ती भेग आपण कशी पकडली, हे साहेब पुढे प्रत्येक नव्या माणसाला सांगत. सांगताना बोटांनी लांबी दाखवत, आणि ती दर खेपेला वाढत असे.