कोरा चिंचोका

मैना दुसऱ्या बांधाच्या मध्यावर बसली तसा मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आमच्या कामात कुत्रं असं बसलं की त्याला ‘इंडिकेशन’ म्हणतात. म्हणजे माल इथे आहे, पुढे पाऊल टाकू नका. वनखात्याचे साहेब दोन पावलं मागे सरले. मैनेनं एक जांभई दिली, मागच्या पायानं कान खाजवला आणि सावली बघून आडवी झाली.

“हवालदार, हे कुठलं इंडिकेशन?” साहेबांनी विचारलं.

“कंटाळली आहे, सर.”

सैन्यात बावीस वर्षं कुत्री शिकवली आणि त्या दिवशी मला निदान करता आलं ते एवढंच.

मी डॉग युनिटमधून निवृत्त झालो. गाव रहिमतपूर. आमच्या उसाच्या भागात रानडुकरं मारायला काही लोक आमिषात गावठी बॉम्ब लपवतात आणि बांधाकडेला ठेवून देतात. डुक्कर चावलं की फुटतो. पण चावणारं दर वेळी डुक्करच असतं असं नाही. कुंडलच्या बाजूला एका म्हशीचा जबडा गेला होता. आता ऊसतोड तोंडावर आलेली. टोळ्या येतात त्या पोराबाळांसकट. बाया फडात शिरल्या की पोरं बांधावर खेळतात, आणि बांधावर पडलेलं काहीही उचलून बघतात.

म्हणून वनखात्यानं मैनेला आणलं. काळी लॅब्रेडॉर, दोन वर्षांची. तिची हँडलर वनरक्षक सुनंदा, उंब्रजची. दोघींना शिकवायला कंत्राटावर मी.

मैदानात मैना कधी चुकायची नाही. आठ डबे मांडायचे, एकात स्फोटकाच्या वासाचा नमुना. ती बरोबर त्या डब्यासमोर बसायची आणि लगेच तिला तिचा लाल बॉल मिळायचा. कुत्र्याच्या लेखी पगार, बढती आणि पेन्शन म्हणजे तो बॉल. पण शेतात नेलं की वीस मिनिटांत आडवी.

साहेबांनी स्पष्ट सांगितलं, “पंधरा दिवस देतो. नाही जमलं तर कुत्रं परत जाईल आणि सुनंदा पुन्हा रोपवाटिकेत. टोळीला मी जांभईच्या भरवशावर फडात सोडू का?”

मग मी दोष शोधायला लागलो. आधी उन्हाला दिला, मग खुराकाला, मग सुनंदाला. तिला जरा जास्तच बोललो. ती मैनेला पाणी पाजत राहिली. मैना मात्र माझ्याकडे बघून गुरगुरली.

रविवारी आम्ही कृष्णाकाठी माझ्या सासुरवाडीला गेलो होतो. बायकोनं मला नदीवर पिटाळलं, तिच्या भावाला जेवायला बोलवायला. बबन सकाळपासून गळ टाकून बसलेला.

“काय घावलं का?”

“न्हाई अजून.”

“काल?”

“काल बी न्हाई. पर दाजी, गेल्या आठवड्यात ह्येवढा मासा!” त्यानं हात पसरले. मासा बहुधा त्याहून बराच लहान असावा.

“चल, जेवण थंड होतंय.”

“आवं थांबा की. आता लागंल.”

त्याला उठवता उठवता मलाच घाम फुटला. आणि तिथेच डोक्यात उजेड पडला. आमच्या घरी नळाला ठरल्या वेळी पाणी येतं. एखाद्या दिवशी चावी सोडली आणि आलं नाही, तर मी दोन मिनिटांत बादली उचलून आत येतो. रोज येणारं आज आलं नाही, विषय संपला. माशाला वेळ नाही, वार नाही. म्हणून बबनला पुढचा प्रत्येक क्षण माशाचा वाटतो.

मैनेला मी नळ शिकवला होता. शेतात लागत होता गळ.

यात लाजेची गोष्ट अशी की हे मला माहीत होतं. बक्षीस कधी मिळेल याचा अंदाज लागू द्यायचा नाही, म्हणजे कुत्रं चिकाटीनं शोधत राहतं, हे मी स्वतः वर्गात फळ्यावर लिहून शिकवलंय. पण गावी परतलो आणि माझ्यातला शेतकरी जागा झाला. आमच्याकडे औत सुटलं की बैलाच्या तोंडाशी काहीतरी धरल्याशिवाय त्याला दावणीला बांधत नाहीत. राबलेलं जनावर उपाशीपोटी गेलेलं घराला चालत नाही. मैना बसली की बॉल, आणि वर बायकोनं डब्यात दिलेला भाकरीचा तुकडा. एकदाही चुकला नाही.

सोमवारी सुनंदाची माफी मागितली आणि नवी पद्धत सांगितली. कधी बॉल द्यायचा, कधी नुसती शाबासकी. तिला ते अजिबात पटलं नाही.

“आवं सर, तिनं काम केलंय. आन मी रिकामा हात दाखवू?”

“तिला राग नाही येत, सुनंदा.”

“तिला न्हाई, मला येतोय.”

तरी तिनं सुरुवात केली. तीन दिवसांनी बघतो तर मैना पहिल्या दोन वेळा डब्यासमोर जेमतेम टेकायची आणि तिसऱ्या वेळी शेपूट आपटायची. सुनंदाला दोनदा रिकामा हात दाखवला की राहवायचं नाही, की तिसऱ्यांदा बॉल बाहेर. हे तिला स्वतःला कळलं नव्हतं, कुत्रीला कळलं होतं.

“लय बेरकी हाय ही,” सुनंदा म्हणाली. “मला मोजती, सर!”

दुसऱ्या दिवशी तिनं खिशातून पाच चिंचोके काढून दाखवले. तीन दगडावर एका बाजूनं घासून पांढरे केलेले, दोन कोरे. मैना बसली की न बघता खिशातून एक काढायचा. घासलेला निघाला तर बॉल, कोरा निघाला तर शाबासकी. “माझं मन मधी येतंय नव्हं, मग मनालाच इचारायचं न्हाई.” पुढे घासलेले कमी करत दोनावर आली. बावीस वर्षांत एवढी साधी युक्ती मला सुचली नव्हती. मी फक्त कधी पहिल्या बांधावर, कधी चौथ्यावर नमुना लपवत गेलो. कधी लपवलाच नाही. मैना तासभर हुंगायला लागली.

पंधराव्या दिवशी कुंडलजवळचा फड. टोळी रस्त्यावर ट्रॅक्टरपाशी बसलेली. शेताचे मालक तात्या आणि साहेब आमच्या मागे. पहिला बांध, काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. उन्हं चढली. चौथ्या बांधावर मीच म्हणालो, “दमली असेल, परत फिरूया का?” सुनंदानं नकारार्थी मान हलवली. आणि मैना बसली. ताठ.

गवतात पिठाच्या गोळ्यासारखं काहीतरी होतं. सगळे मागे आलो. सुनंदानं जागेला लाल झेंडी लावली, खिशात हात घातला. चिंचोका कोरा.

“अगं, आज दे तिला!” मी ओरडलो.

“आवं साहेब, सांगा की हिला,” तात्याही कळवळले. “मुक्या जनावरानं जीव वाचिवला.”

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. “कोरा आलाय, सर,” ती म्हणाली आणि मैनेची मान खाजवली. “शाबास, माझी बाय.”

मी म्हटलं, “झालं. निघूया.” साहेब बॉम्ब पथकाला फोन लावायला लागले. पण मैनेचं झालं नव्हतं. बॉल यायचा राहिला होता. तिनं सुनंदाला बांधाच्या उरलेल्या टोकाकडे ओढलं, आणि तीसेक पावलांवर पुन्हा बसली.

“परत कंटाळली?” साहेब म्हणाले.

“न्हाई साहेब,” सुनंदा हळूच म्हणाली. “कान खाजवत न्हाई.”

तो दुसरा. तो होता ट्रॅक्टरच्या वाटेला लागून, जिथे टोळीची पोरं सावलीला बसणार होती. या वेळी घासलेला चिंचोका निघाला. रस्त्याकडे बॉल उडाला आणि मैना त्याच्यामागे अशी धावली की तात्यांनी फेटा काढून हवेत हलवला.

बॉम्ब पथकानं दोन्ही निकामी केले. तोड एक दिवस उशिरा सुरू झाली. मैना खात्यात राहिली, सुनंदाही. आता दुसऱ्या जिल्ह्यातले हँडलर तिच्याकडे शिकायला येतात आणि जाताना चिंचोके घेऊन जातात. मी एवढंच शिकलो, की शिकवणाऱ्यानं आपल्या मायेवर आणि आपल्या ‘निघूया’वर फार विसंबू नये.

हे सगळं मी घरी रंगवून सांगितलं, तीच चूक झाली. बायकोनं ते फारच मन लावून ऐकलं. डॉक्टरांनी माझं गोड बंद केलंय. हल्ली मी दिवसातून दहा वेळा फडताळ उघडून बघतो. बायको म्हणते, तिथे काही नाही. पण गेल्या मंगळवारी एक लाडू निघाला होता.