अडुळशाची पानं

नोएडातल्या आमच्या सोसायटीतले एक नागपूरचे शेजारी लिफ्टमध्ये भेटले की हळूच विचारतात, "मॅडम, कोणतं झाड लागू पडलं?" नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणाऱ्या टीबीवर आम्ही लॅबमध्ये वनस्पतींचे अर्क तपासतो. माणूस कुठल्यातरी औषध कंपनीचा असावा, या संशयानं मी हसून टाळायचे.

काल ते बागेतला अडुळसा ओरबाडून पिशवीत कोंबत होते. मला पाहताच त्यांनी पिशवी पाठीमागे लपवली.

"घरी कोणाला टीबी आहे का?"

"बिल्कुल नाही. साधा खोकला."

"असेल तर गोळ्या थांबवू नका. आमच्या अर्कानं जंतू मरतात ते फक्त काचेच्या बशीत."

"बशीत तरी मरतात! गोळ्यांनी कुठे मरतायत?" ते बोलून गेले आणि चपापले. मग हात जोडून म्हणाले, "सोसायटीत सांगू नका."

त्यांची बायको मला कित्येक दिवसांत दिसली नव्हती.