मामांच्या टाकीतली वाळू

वाळू चांगली की वाईट, हे मामा गालाला लावून ठरवत. चिमूटभर ओली वाळू घ्यायची, डोळ्याखालच्या मऊ कातडीवर घासायची आणि डोळे मिटून थोडं थांबायचं. "टोचली तर परत नदीत. माझ्या गालाला टोचती तर तिच्या पोटाला टोचणारच की, सर." ती म्हणजे त्यांच्या काचेच्या टाकीतली मरळ मासळी. चाळणीतून काढलेली, पंधरा-वीस पाण्यांनी धुतलेली वाळूही या परीक्षेत नापास झालेली मी पाहिली आहे.

मामा माझे मामा नव्हते. कॉलेजात प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला पोरं मामा म्हणतात, तसे ते प्राणिशास्त्राचे मामा. लातुरात आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. मूळचे कंधारकडचे, बौद्ध घरातले. घरातली पहिली पगारी नोकरी त्यांची. लातूर नवा जिल्हा झाला त्याच वर्षी ते लागले. "जिल्हा आन् मी एकदमच कामाला लागलो," असं सांगायचे आणि बत्तीस वर्षांनी निवृत्त झाल्यावर त्याला जोड दिली : "मला रिटायर केलं, जिल्हा अजून नोकरीतच हाय."

निवृत्तीच्या वेळी विभागातली जुनी टाकी मोडीत निघत होती, ती त्यांनी मागून घेतली. सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. तिच्यात गावाकडच्या डोहातलं बोटाएवढं मरळीचं पिल्लू सोडलं. दोन वर्षांत ते कोपरापासून पुढच्या हाताएवढं झालं. मरळ शिकारी मासा. टाकीत दुसरं काही जिवंत ठेवत नाही, आणि झाकणावर वजन नसेल तर उडी मारून बाहेर येते. मामी म्हणायच्या, "मासा कुठला, सवत हाय माझी. आधी तिला जेवण, मग मला हाक."

तळाला काय घालावं, यावर मामा ठाम होते. दुकानदाराने रंगीत खडे दाखवले तेव्हा म्हणाले, "ती झेप घेती तवा तोंडात तळ बी येतो. वाळू आली तर थुंकून टाकती. खडा गिळला तर संपली." विभागातल्या एका सरांचं म्हणणं, तळ कोराच ठेवावा, स्वच्छ राहतो. मामांनी मान डोलावली आणि घरी येऊन वाळूच घातली. दोन बोटं जाडीची, जास्त नाही. जास्त झाली की खालून सडते. दर रविवारी ते काठीने एकेक पट्टा हलवून मळ वर काढायचे आणि पाव टाकी पाणी बदलायचे. वाळूवर पोट टेकून पडलेली मरळ दाखवून मला म्हणायचे, "बघा, कशी घरी बसल्यावानी बसलीय."

मग तो दुष्काळ आला. मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला रेल्वेने पाणी आलं. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा आणि घरामागे दोनशे लिटर मिळायचे. मी गणिताचा शिक्षक, म्हणून वाटपाची यादी माझ्याकडे होती. मामांनी एक कळशीही जास्त मागितली नाही. दोघं नवराबायको तांब्याभर पाण्यात अंग पुसत आणि उरलेलं टाकीला देत. पण टाकी खिडकीतून रस्त्यावरून दिसायची. एकदा रांगेत शेजारची बाई मामींना सगळ्यांसमोर म्हणाली, "आमची लेकरं तोंड न धुता शाळंत जाऊन राहिलीत, आन् तुमचा मासा पोहून राहिलाय. मजा हाय बाई तुमची!" मामी हंडा अर्धाच भरलेला असताना उचलून घरी गेल्या.

त्या दुपारी मी कागद-पेन घेऊन मामांकडे गेलो. मला मामा-मामी दोघांचीही काळजी होती, हे खरं सांगतो. टाकीत साडेपाचशे लिटर पाणी. पाव भाग बदलायचा म्हणजे आठवड्याला एकशे चाळीस. दोनशेतून ते गेले की दोन माणसांना उरले साठ. पाणी बदललं नाही तर वाळूतला मळ सडून मासा मरणार. वाळू काढली तर मळ कोऱ्या काचेवर दिसेल, नळीने रोज ओढून घेता येईल. पाच लिटर पुरतील. आठ दिवसांचे चाळीस. शंभर लिटर वाचतात. मी लिहीत होतो, मामा समोर उकिडवे बसून मधूनमधून काहीतरी बोलत होते. शेवटी मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. "हाव सर. हिशोब बरोबर हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाळू काढली. शंभर लिटर खरंच वाचले. मामी तीन आठवड्यांत पहिल्यांदा डोक्यावरून न्हाल्या.

मरळीला मात्र तळ राहिला नाही. कोऱ्या काचेत तिला खालून दुसरी मरळ दिसायची आणि ती तिच्यावर धावून जायची. मामांनी टाकीखाली काळा कागद सरकवला, तरी बाजूने उजेड यायचाच. आठवड्यात तोंड फुटलं, पोटावरचा चिकट थर गेला, जखमांवर पांढरी बुरशी धरली. बाराव्या दिवशी तिने खाणं सोडलं. "वाळू परत घालू का, मामा?" मी विचारलं. "आता जखमंला लागंल, सर," ते म्हणाले. सतराव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले, चप्पल काढून उभे राहिले. "सर, गेली." एवढंच.

गल्लीत कुणीतरी म्हणालं, एवढी मरळ पुरली कशाला, कालवण झालं असतं. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुपारी त्यांनी टाकी रिकामी करायला घेतली आणि दारात उभं राहून घरोघर हाका मारल्या. "या गं, बादल्या आणा. प्यायला न्हाई, पर धुण्याला चालंल." मामींना बोललेली ती बाईही आली. मामांनी तिची बादली स्वतः भरली, काठोकाठ, आणि दोन पायऱ्या उतरवून दिली. ती खाली मान घालून गेली. मीही दोन बादल्या आणल्या. नको म्हणण्याइतकं पाणी माझ्याही घरात नव्हतं.

पुढच्या महिन्यात मामा-मामी लेकीकडे नांदेडला निघाले. सामान रिक्षात भरेपर्यंत आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. बोलायचं म्हणून मी विचारलं, दुष्काळात तुमच्या गावाकडचे मासे काय करत असतील?

"मरळीला काय होतंय? डोह आटला की गाळात शिरती. वर येऊन हवा घेती, बाकी ओल असली की बास. आमचा आजा सुकल्या डोहात कुदळ मारून जित्या मरळी काढायचा. तिला पाणी लई लागत न्हाई, सर. तळ लागतो."

म्हणजे वाळू तशीच ठेवून पाणी वीतभर केलं असतं तरी भागलं असतं, बदलायलाही निम्म्याहून कमी लागलं असतं. साडेपाचशे लिटर मी धरूनच चाललो होतो.

"मामा, हे त्या दिवशी सांगितलं का नाही?"

मामा रिक्षाकडे बघत होते. रागावलेले नव्हते, आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"सांगितलं की. दोनदा सांगितलं. तुम्ही लिहून राहिले होते."

मामींनी हाक मारली आणि ते उठले. नांदेडला दुसऱ्या पावसाळ्यात ते वारले. मला चार दिवसांनी कळलं. त्या दुपारचा कागद मी शोधून काढला. गुणाकार, भागाकार, बेरीज सगळं पुन्हा तपासलं. एकही चूक नाही. मामा समोर अर्धा तास बसले होते. त्यांनी सांगितलेलं एक अक्षरही त्या कागदावर नाही.