लेक जावेच्या पदराखाली

माझी लेक अडीच महिन्यांची होती तेव्हा मला हिवताप झाला. दात वाजवणारी थंडी, अंगावर दोन गोधड्या आणि वरून मला दाबून धरून बसलेल्या सासूबाई. गावातल्या आशाताईंनी बोटाला सुई टोचून रक्त तपासलं, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. आणखी काय म्हणाल्या ते तापात मला कळलंच नाही. सासूबाईंनी मात्र पहिल्या गोळीलाच निकाल देऊन टाकला, "लई कडक गोळ्या हायेत. दुधात उतरतेत. लेकराला पाजू नको."

आणि पोर उचलून थोरल्या जावेच्या मांडीवर दिली.

जावेचा मुलगा आठ महिन्यांचा, आणि दूध दोघांना पुरून उरेल इतकं. घरात तिचं सगळंच चांगलं. भाकरी तिची गोल, बोलणं तिचं गोड. ते मी कसंबसं गिळलं होतं. पण माझी पोर तिच्या पदराखाली घुटके घेताना ऐकली, ते काही गिळवेना. मी इकडे वाटीत दूध पिळायची. ते पायदळी येऊ नये म्हणून शेवग्याच्या बुंध्याशी ओतायचं, ही घरची रीत. म्हणजे माझं दूध झाडाला आणि लेक तिला.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. सासूबाईंनी वर दोन दिवस वाढवले, "उष्णता निघून जाऊ दे, मंग पाज."

पाचव्या दिवशी आशाताई चौकशीला आल्या आणि माझ्या हातातली वाटी बघून भडकल्याच. "मी पहिल्याच दिवशी सांगून गेल्ते, पाजणं बंद करू नका म्हणून! या गोळ्या पाजणाऱ्या बाईला चालतेत. दुधात उतरतं ते इतकुसं, त्यानं लेकराला काही होत न्हाई. हिवताप उलटू नये म्हणून दुसऱ्या चौदा दिवसांच्या गोळ्या असतेत, त्या आत्ता चालत न्हाईत, त्या मी दिल्याच न्हाईत. लेकरू सहा महिन्यांचं झालं की दोघींचं रक्त तपासून डॉक्टर ठरवतील."

"लेकराच्या भल्यासाठीच केलं की," सासूबाई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं, त्यामुळे भांडताही येईना.

लेक जवळ घेतली. तिनं दोनदा ओढलं आणि तोंड फिरवून किंचाळली. माझं दूध निम्म्यावर आलं होतं. आशाताई म्हणाल्या होत्या, ती ओढेल तसं वाढेल. पण ओढायला ती थांबायला तर हवी! रडली की सासूबाई म्हणायच्या, "दे तिच्याकडं," आणि तिकडे गेली की गप्प. दूध आटलं तर पोर कायमची तिचीच होणार, या धास्तीनं मला घास जाईना. असे दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "जाऊबाई, माझं लेकरू पळवायलाच बसला होतात ना तुम्ही?"

ती उठली. मुलाची दुपटी पिशवीत भरली आणि दुपारच्या बसनं कुंभार पिंपळगावला माहेरी निघून गेली, ऐन कापूस वेचणीत. रुसली, असं सगळे म्हणाले. मी मनात म्हटलं, बरं झालं, पीडा गेली.

त्या दिवशी लेक घर डोक्यावर घेऊन रडली. मी घटकेघटकेला छातीशी लावत राहिले. संध्याकाळी तिनं धरलं ते सोडलंच नाही. आणखी चार दिवसांत माझा पदर पुन्हा ओला व्हायला लागला.

मग मी जावेला फोन लावला. माफी मागायची होती, आणि खरं सांगायचं तर थोडं मिरवायचंही होतं. मी बोलायच्या आत तिनंच विचारलं, "पिऊ राह्यली का गं तुझं?"

"पोटभर."

पलीकडे ती रडायलाच लागली. "मी घरात असते तर तिनं तुझं धरलंच नसतं. अन् तिचं रडणं ऐकून मला राहावलं नसतं. म्हणून आले इकडं."

मी तिच्या जागी असते तर गेले नसते. पोर पोटाशी धरून बसले असते. फोन ठेवल्यावर मला तिचा जितका हेवा वाटला, तितका त्या पाच दिवसांत एकदाही वाटला नव्हता.