वाळूच्या पोत्यांतली फुलदाणी

"साहेब, मागे व्हा! जिवंत आहे तो!" हवालदार ओरडला.

पोलीस ठाण्याच्या आवारात वाळूच्या पोत्यांचं रिंगण केलेलं. मधोमध वीतभराहून थोडं उंच पितळी नळकांडं. त्यात झेंडूची फुलं तशीच. ती काढायची कुणाची छाती झाली नव्हती.

आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. कारण पलीकडच्या बाकावर इंदूकाकी बसल्या होत्या. आमच्या पालीजवळच्या गावातली, पंचाहत्तरीची एकटी बाई. सकाळी घरात रंग लावायला आलेल्या पेंटरनं बुद्धमूर्तीपुढच्या या फुलदाणीचा फोटो काढला आणि 'घरात बॉम्ब' म्हणून व्हॉट्सॲपवर टाकला. तासाभरात जीप दारात. कळल्याबरोबर मी ठाणं गाठलं. उद्या बॉम्ब पथक येणार, आणि ही वस्तू गावामागच्या सड्यावर, मोकळ्या कातळावर नेऊन उडवायची, असं फौजदारांनी ठरवून टाकलं होतं.

"जयभीम, भाऊ," काकी म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यानं लढाईवरनं आणलान तो. घरात त्याची तेवढीच एक वस्तू उरलीय. उडवू देऊ नका."

मी सैन्याच्या दारूगोळा डेपोत एक्झामिनर होतो. भरलेलं काय, रिकामं काय, हे सांगणं हेच माझं काम. निवृत्तीनंतर जुन्या रिकाम्या केसेस जमवतो, रीतसर कागदांसकट. केस म्हणजे तोफेच्या गोळ्यामागचं पितळी भांडं. त्यात दारू असते. बार उडाला की पुढचा गोळा जातो आणि भांडं मागे रिकामं राहतं. ही पंचवीस पौंडी तोफेची केस आहे, हे मी लांबूनच ओळखलं होतं.

रिंगणात शिरून मी केस फुलांसकट जराशी तिरकी केली आणि वाकून बुडाची कड पाहिली. तिथे कारखान्याची खूण आणि साल ठोकलेलं असतं. माझी सगळी भिस्त त्या अक्षरांवर. आणि अक्षरं गायब! कड आरशासारखी गुळगुळीत.

फौजदार बाहेरूनच म्हणाले, "बघितलंत? खुणा मुद्दाम घासून काढल्यात. हा तर पुरावाच झाला."

"मी घासल्या!" काकी ताडकन उठल्या. "दर पुनवेला आमसुलानं घासते. लग्न होऊन आले तेव्हापासून. काळं पितळ बुद्धापुढे ठेवू? आणि दारू भरलेली असती तर तांब्याभर पाणी कुठं मावलं असतं ह्यात? सांगा की!"

खरं सांगतो, मला लाज वाटली. मी अक्षरं शोधत बसलो होतो, आणि बाईनं दोन वाक्यांत तपासणी उरकली होती. मी फुलं बाजूला ठेवली, केस उपडी केली. पाणी बदाबदा सांडलं. हवालदार पार गेटापर्यंत पोचला.

"बुडातल्या प्राइमरचं काय?" फौजदार चिवट होते. प्रश्न मात्र रास्त. प्राइमर म्हणजे ठिणगी देणारी टोपी. तो शाबूत असेल तर रिकामी केससुद्धा हात तोडू शकते. मी पालथं बूड त्यांना दाखवलं. टोपीच्या मध्यावर खोल खळगा होता. तोफेची पिन बसल्याची खूण. ती आमसुलानं जात नाही.

"हा बार सासऱ्यांच्या काळातच उडून गेलाय, साहेब. तुम्ही साप साप म्हणून भुई धोपटताय."

"मग तसं लिहून द्या. उद्या काही झालं तर?"

"कागद आणा."

"विचार करा. पेन्शनर माणूस तुम्ही. कशाला नसती भानगड?"

"कागद आणा म्हटलं ना!"

लिहिलं. निरुपद्रवी, रिकामी, वापरलेली केस. खाली सही, हुद्दा, पत्ता. दुसऱ्या दिवशी पथक आलं, दोन मिनिटं पाहिलं आणि माझ्या कागदाखाली सही करून चहा प्यायला गेलं.

फौजदारांनी फुलदाणी वर्तमानपत्रात गुंडाळून पुढे केली. "घ्या आजी, न्या घरी."

काकींनी हात मागे घेतले. "मी नाय नेणार. जीपमधनं नेलात, अख्खी वाडी बघत होती. बाया दारं लावून घेत होत्या. तशीच आणून द्या, सगळ्यांच्या देखत. आणि तो वर्तमानपत्राचा कागद काढा वरचा."

"आजी, गाडी अशी..."

"मग राहू दे इथंच. मी पण बसते."

आणि बसल्या की! वर डबा सोडून भाकरी खायला लागल्या. दुपारी जीप निघाली. वाडीच्या तोंडाशी थांबली. हवालदार दोन्ही हातांत उघडी फुलदाणी धरून घरोघरच्या ओट्यांसमोरून चालत गेला, चपला काढून आत शिरला आणि ती बुद्धापुढे ठेवली. काकी म्हणाल्या, "जरा डावीकडं."

अनोळखी गोळा सापडला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, हे मी आजही शाळाशाळांतून सांगतो. पण नोकरीभर एक गोष्ट पाहिली. धोका आहे म्हणायला दहा जण पुढे येतात. धोका नाही म्हणायचं तर सही लागते, आणि तेव्हा सगळ्यांचं पेन घरी राहिलेलं असतं.