अर्धा फेरा सैल

तुम्ही रागाच्या भरात लिहिलेली शेवटची नोटीस कुणी शेवटपर्यंत वाचली होती, सांगता येईल? हा प्रश्न माझी आत्या मला विचारायची आणि उत्तराची वाटही पाहायची. ते जास्त त्रासदायक होतं. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तिला सगळे स्प्रिंगबाई म्हणत. "निदान कामावरून पडलेलं नाव आहे," ती म्हणायची. "सेक्रेटरींना काय म्हणतात ते विचारा."

ती खत पेरायची यंत्रं करणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागात होती. अशा यंत्राला जमिनीत चर पाडणारा लोखंडी फण असतो. तो किती खोल जाणार हे आधी ठरवून ठेवतात, आणि त्याला खाली दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचा ताण नट पिळून कमीजास्त करतात. दाब कमी पडला तर फण नुसता खरवडत जातो, खत उघड्यावर पडतं. जास्त झाला तर मध्ये काही आडवं आलं तरी तो उठत नाही, मोडतोड करतो. "मातीत बुडायचं, दगडाला उठायचं," एवढंच आत्याचं शास्त्र; पण ते ती साऱ्या जगाला लावी. मंडईत कुणी घसा ताणून कोथिंबीर विकू लागला की म्हणे, "दाब भरपूर, खोली शून्य." चुलतबहिणीला पाहायला आलेला मुलगा तासभर नुसता मान डोलवत बसला, तेव्हा आतल्या खोलीत येऊन म्हणाली, "याची स्प्रिंग बसवायची राहिली आहे."

मी मात्र पत्रकांवर वाढलो, अक्षरशः. वडील चळवळीतले, घरात खुर्च्या कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त, म्हणून जेवायला गठ्ठ्यावरच बसायचो. 'कमळ'च्या आधी मी 'धिक्कार' वाचायला शिकलो.

मग देशात खुल्या बाजाराचे वारे आले. आत्याचा कारखाना बंद पडला आणि त्या जागेवर संगणक कंपनीची काचेची इमारत उठली. निरोपाची भेट म्हणून आत्याने एका फणाचं, हाताने ओढायचं नमुना यंत्र मागून घेतलं. ते आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात राहू लागलं. रोज सकाळी ती त्याला तेल घालायची. नेमकी तीच जागा सोसायटीतल्या मंदारला हवी होती. मंदार त्याच काचेच्या इमारतीत नोकरीला, आणि त्याने पहिली मोटार घेतली होती. सेक्रेटरी लेल्यांनी नोटीस लावली: 'पार्किंगमधील शेती त्वरित हटवावी.'

मी त्याच दिवशी पत्रक काढलं, 'पार्किंग कोणाच्या बापाचं?' आणि प्रत्येक दाराखालून सरकवलं. आत्याने ते वाचलं. "खोली दोन इंच, दाब वीस माणसांचा. आता यंत्र नक्की जाणार."

मीटिंगमध्ये लेले म्हणाले, "अहो बाई, या भंगाराचा आम्हाला उपयोग काय?"

"तुमची हिरवळ पिवळी पडली आहे. रविवारी खत पेरून दाखवते."

रविवारी सगळी सोसायटी खाली उतरली. एरवी आत्या नट अर्धा फेरा पिळून थांबायची, फण उचलून पाहायची. त्या दिवशी ती लेल्यांकडे बघत पिळतच राहिली. ओढायला मंदार पुढे आला.

"काकू, याला पॉवर स्टिअरिंग नाही का?"

"आहे की. तूच."

थोडं अंतर छान चर पडला. मग हिसका बसला. "ओढ," आत्या म्हणाली. त्याने ओढलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत लेलेकाकू आल्या. "अहो, आपला मिलिंद गेला. बोलता बोलता गेला."

मिलिंद त्यांचा अमेरिकेतला मुलगा. लेले मटकन हिरवळीवर बसले. मंदारने डोक्यावरची टोपी काढली. आत्या गुडघे टेकून चरात डोकावली आणि टेलिफोनच्या तारेची दोन टोकं तिने वर धरली.

"गेला नाही. इथे आहे, दोन इंचांवर."

सगळे हसले. लेले हसले नाहीत. आत्याही हसली नाही.

संध्याकाळी फलकावर तिची नोटीस होती: 'टेलिफोनची तार मी तोडली. मीटिंगचा राग नटात गेला. यंत्र पुढच्या रविवारी हलवीन.' मी भडकलो. "तार इतकी वर पुरली कुणी, हे नको विचारायला?"

"विचार ना. पण आधी माझं सांगून होऊ दे."

शनिवारी तिने यंत्र न्यायला टेम्पोही ठरवला. परत आली तेव्हा तिच्या नोटिशीखाली लेल्यांचं अक्षर होतं: 'मिलिंदशी बोलणे झाले. स्वतः गेल्याचे ऐकून तो अद्याप हसत आहे. यंत्र राहू द्यावे. नट सैल ठेवावा.' मंदार मोटार तिरकी लावायला शिकला. हिरवळीत एकच हिरवीगार रेघ उगवली. ती तारेपाशी येऊन थांबत होती.

आत्या आता नाही. यंत्र कोपऱ्यात आहे, तेल मी घालतो. पत्रकंही लिहितो, आणि ती मवाळ नसतात. पण छापायला देण्याआधी एकदा त्या यंत्राजवळ उभं राहून मोठ्याने वाचतो.

तुमच्याही सोसायटीच्या फलकावर तुम्ही लिहिलेलं काहीतरी लटकत असेल. आज खाली उतरा, ते पुन्हा वाचा, आणि नट अर्धा फेरा सैल करा. खोलीला मात्र हात लावू नका.