मागचा दांडा

आमच्या भावोजींना फाउंड्रीत सगळे भडका म्हणतात, आणि ते नाव भट्टीवरून पडलेलं नाही. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये उभे राहिले तेच उजव्या हाताला पट्टी बांधून. आदल्या दिवशी कुणाचे तरी दात पाडले होते. बोटं अशी सुजली होती की अंगठी जाता जाईना. मी तेव्हा शाळकरी, खो खो हसले, तर आईनं दंडाला चिमटा काढला. ताई हसली नाही. आपण याला सुधारू, असं तिला वाटत होतं.

सुधारले की नाही ते सांगते, पण आधी काम सांगायला हवं. मी भिंतीकडच्या बाकावर वाळूचे गाभे बनवते, साच्याच्या पोटात बसतात ते. तिथून भट्टीपासून साच्यांपर्यंतचा सगळा रस्ता दिसतो. वितळलेलं लोखंड, म्हणजे रस, ज्यातून नेतात त्याला लेडल म्हणतात. मध्ये जाड बादली आणि दोन्हीकडे लांब दांडे. एक माणूस पुढे, एक मागे. पुढच्याची पाठ रसाकडे, त्याला काही दिसत नाही. मागच्याला सगळं दिसतं, आणि साच्यात ओतायचं कामही त्याचंच. मागच्यानं आपलं टोक नुसतं वर उचललं, तरी रस पुढच्याच्या पायांवर येईल.

म्हणून तिथे एक नियम आहे. दोघांपैकी कुणीही ‘ठेव’ म्हटलं की दोघांनी त्या क्षणी खाली ठेवायचं. का, ते मागाहून विचारायचं. कुणाचा पाय घसरत असेल, कुणाला भोवळ येत असेल. ठेवलेला रस थिजतो, वाया जातो, मिस्त्री आई-बाप काढतो, पण ‘ठेव’ म्हणणाऱ्याला कुणी बोल लावत नाही. एकदा एक जण लाजेपोटी बोलला नाही आणि त्याच्या बुटात रस शिरला. बूट ओढून काढला तेव्हा बुटाबरोबर काय काय निघालं, ते जेवणाआधी सांगण्यासारखं नाही.

भावोजी मागच्या दांड्यावर. त्यांच्याइतका स्थिर हात आमच्याकडे दुसरा नव्हता. भांडणात सुटणारा तोच हात रसापाशी आला की शहाण्यासारखा वागायचा.

त्यांना एकच मुलगा. घरात सगळ्यांत लहान म्हणून बारक्या, आणि दाराच्या चौकटीला डोकं लागायला लागलं तरी बारक्याच. मागच्या गल्लीतल्या एकानं आपली मोटरसायकल आमच्या दारात आडवी लावली. बारक्यानं ती काढायला सांगितली. शब्दानं शब्द वाढला. त्या गाडीवाल्याच्या हातात सळई होती. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कानामागे. बारक्या खाली पडल्यावरही तो मारत होता. मी जिन्यावरून उतरत होते, मला ते आवाज ऐकू आले. ओल्या वाळूवर फावडं मारल्यासारखे. बारक्या दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास घेत होता, पण एक डोळा उघडाच राहिला होता आणि तो कुणाकडेच बघत नव्हता.

ज्यानं मारलं त्याचं नाव मी घेत नाही. तो म्हटलं की तोच समजायचा.

बारक्याला माती देऊन परतताना भावोजी सरळ मागच्या गल्लीत गेले. तो पोलिसांच्या ताब्यात होता, हे त्यांना ठाऊक होतं. लाथ मारून दार पाडलं. त्याचा बाप पुढे आला. भावोजींनी त्याचा हात पिळला तो मोडेपर्यंत. हाड मोडल्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत आला. म्हाताऱ्यानं प्रतिकार केला नाही. तेच भावोजींना जास्त लागलं असावं, कारण घरी येऊन त्यांनी स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली. ताईनं आणि मी मिळून त्यांना धरलं. त्यांच्या रक्तानं माझी बाही भिजली होती.

मग ते विचार सुरू झाले. कोर्टानं त्याला काही वर्षांची सजा दिली, पण भावोजी मनात त्याला रोज मारत होते. चमचा तोंडाशी थांबायचा आणि मला कळायचं, आता तिकडे कुणाचा तरी गळा आवळला जातोय. चर्चमध्ये डोळे मिटले की जास्तच. शेवटी ताईनं त्यांना ओढत पाळकांकडे नेलं.

आमचे पाळक म्हातारे, आणि कानांनी पार अधू. त्यांच्यापुढे कुजबुजून पाप कबूल करता येत नाही. भावोजी हळूच काहीतरी बोलले. पाळक म्हणाले, मोठ्यानं बोल. असं तीनदा झालं. मग भावोजी ओरडलेच की मला त्याचे डोळे अंगठ्यांनी फोडायचेत. ताई म्हणते, समोरच्या घराची खिडकी पटकन बंद झाली.

पाळकांनी शांतपणे विचारलं, हा विचार कोणाच्या तोंडानं येतो? भावोजींना प्रश्न कळला नाही. पाळक म्हणाले, सैतान शिंगं लावून आला तर कोण दार उघडेल? त्यानं प्रभूलाही रानात गाठलं, उपाशी असताना, आणि गोड बोलूनच. विचार दाराशी आला म्हणजे तू पापी झालास असं नाही. दाराशी कोण येईल ते आपल्या हातात नसतं. पण त्याला खुर्ची दिलीस, पाणी विचारलंस, की तो घरचा होतो. आणि त्याला अंधार लागतो, म्हणून तो आला की मोठ्यानं सांगत जा.

मला हे काही पटलं नव्हतं. बारक्याला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं. मला पाळकांचं दार नको होतं, मला त्या मारणाऱ्याचे मोडलेले पाय हवे होते. मी तसं बोलूनही दाखवलं, तर ताईनं तीन दिवस माझ्याशी अबोला धरला.

सजा संपली, तो परत आला. बाप तोवर वारला होता. तुरुंगातून सुटलेल्याला भट्टीशिवाय कोण घेणार? एका सकाळी तो आमच्याच गेटातून आत आला. भावोजींनी हातातला चिमटा, पुरुषभर लांब लोखंडी चिमटा, तसाच त्याच्या डोक्यावर उगारला. चौघांनी त्यांना खाली पाडलं. एकाच्या मनगटाला ते चावले, मांसापर्यंत. तो मात्र जागचा हलला नाही. नुसता उभा होता, हात खाली सोडून.

आणि पंधरवड्यानं भावोजींनी मिस्त्रीला सांगितलं की त्याला माझ्या लेडलवर द्या, पुढच्या दांड्यावर.

सगळ्यांना वाटलं, चमत्कार झाला. भावोजींनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं की मला क्षमा करायची आहे, आणि क्षमा लांबून होत नाही, म्हणून मी त्याला जवळ घेतलंय. लोक रडले. एका बाईनं तर त्यांचा हात कपाळाला लावला. मला रडू आलं नाही. दरवाज्यातून बाहेर पडताना मी त्यांच्या कानाशी म्हटलं, “भावोजी, मागचा दांडा तुमच्याच हातात ना?”

ते थबकले. माझ्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांच्या घरात बसलेला माणूस मी त्यांना बोट दाखवून दाखवला. त्यांचा खरोखरच समज झाला होता की आपण क्षमा करायला निघालोय. भक्तीचा सदरा घालून पाळकांचा तो सैतानच आत शिरला होता, आणि या वेळी खुर्ची त्यांनी स्वतः पुढे सरकवली होती. पण कळलं म्हणून ते मागे सरले नाहीत. दुसऱ्या दिवशी दांडा धरलाच.

त्या दिवशी दुपारी ओतकाम चालू होतं. भट्टीचं तोंड फोडलं, रस लेडलमध्ये पडला, ठिणग्या छतापर्यंत उडाल्या. दोघांनी उचललं. तो पुढे, मान खाली. माझ्या बाकासमोर आले तेव्हा मी भावोजींची कोपरं पाहिली. ती वर जात होती. एवढीशीच, पाहणाऱ्याला वाटावं की वजन सावरतायत. बादलीचा ओठ त्याच्या पोटऱ्यांकडे झुकला, पांढरा रस काठाशी आला. त्याच्या विजारीचा मागचा भाग धुरायला लागला.

मला वाटलं, होऊ दे. अगदी मनापासून वाटलं. माझ्या हातातला गाभा कधी चुरगळला ते मला कळलं नाही.

“ठेव,” भावोजी म्हणाले.

दोघांनी ठेवलं. थोडा रस हिंदकळून जमिनीवर पडला आणि सुरसुरत पसरला. मिस्त्री पळत आला. भट्टीच्या घरघरीत साधं बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे ते ओरडूनच बोलले.

“मी आत्ता तुझ्या पायांवर ओतणार होतो. तू पडलास की मग तोंडावर.”

फाउंड्रीत जो तो होता तिथे उभा राहिला. तो हळूहळू वळला.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

“मग तू का नाही म्हणालास ‘ठेव’?”

“तुमचा हक्क आहे असं वाटलं.”

भावोजींनी त्याच्या थोबाडीत अशी मारली की तो दोन साच्यांवर जाऊन आदळला. ओठ फाटला, दात रक्तानं भरले. भावोजी त्याच्या छातीवर वाकले. आम्हाला वाटलं, आता संपवतात. पण ते ओरडत होते, “हक्क म्हणतो? तो सैतानपण मला हेच सांगतो. रोज हेच सांगतो. तू त्याच्या बाजूनं बोलायचं नाही.”

संध्याकाळी त्यांनी ताईला सगळं सांगितलं, मी पलीकडे भांडी लावत होते. लेडल नेताना त्या दोन पावलांत सैतानानं वाद घातला होता. म्हणाला, मनात तर तू याला शंभरदा मारलंस, खुनी झालासच, मग हातांनी काय घोडं मारलंय? आणि हे तो बारक्याच्या आवाजात बोलत होता. मध्येच म्हणायचा, बाबा, दुखतंय. भावोजी म्हणाले, “आवाज पोराचा होता. पण पोरानं मला कधी कुणाला मारायला सांगितलं नव्हतं. उलट हात धरायचा माझा. तिथे मला तो ओळखू आला.” ताई पदरात तोंड घालून रडली, आणि मी ताटं उगाच दोनदा पुसली.

दुसऱ्या दिवशी भावोजी मिस्त्रीपुढे उभे राहिले. म्हणाले, आजपासून मी पुढे, हा मागे. मिस्त्री म्हणाला, भडक्या, तुझं डोकं फिरलंय, नवशिक्याच्या हातात ओतकाम? भावोजी म्हणाले, मी शिकवतो. आणि शिकवलंही. शिव्या घालत, एकदा डोक्यात टपली मारत, धार कशी बारीक ठेवायची, रसावर तरंगणारी मळी कशी अडवायची, सगळं. मग रसाकडे पाठ करून पुढचा दांडा धरला. आता त्यांच्या पोटऱ्या त्याच्या हवाली. ज्या हाताचा भरवसा नव्हता, तो हात त्यांनी कामावरूनच काढून टाकला होता.

तेव्हापासून उचलायच्या आधी ते मागे न बघता, पाळकांनी शिकवल्यासारखं, मोठ्यानं सांगायचे, “आला होता. बाहेर उभा आहे.” मागून तो म्हणायचा, “बरं.” मग उचलायचे. नवीन माणसांना वाटायचं, हे कुण्या गिऱ्हाइकाबद्दल बोलतायत. वर्षं गेली तरी हे चालूच. मी एकदा चिडवलं की भावोजी, इतकी वर्षं बाहेर उभा आहे बिचारा, एकदा चहा तरी पाजा. ते हसले नाहीत. म्हणाले, बसला की उठत नाही तो.

या वर्षी एका सकाळी ते पुढचा दांडा धरून उभे राहिले आणि काही बोललेच नाहीत. रस भरलेला. मिस्त्री हाका मारतोय. मी बाकावरून उठले, कारण त्यांचे खांदे हलत होते.

“ठेव,” ते म्हणाले, न उचललेल्या लेडलला.

मी जवळ गेले, तर ते लहान मुलासारखे रडत होते. म्हणाले, “आज आला नाही. रात्रभर नाही, सकाळी नाही.” मी म्हटलं, मग चांगलंच झालं की. तर माझ्यावर खेकसले, “चांगलं कसलं? तो यायचा तेव्हा बारक्याचा आवाज तरी आणायचा. आता मला तो आवाज आठवतच नाही.”

रस वर साय धरू लागला होता आणि मिस्त्रीनंसुद्धा शिवी गिळली.

मागून तो बोलला. त्या थोबाडीनंतर इतक्या वर्षांत ‘बरं’पलीकडे त्याचा आवाज मी ऐकला नव्हता.

“माझ्याकडे येतो तो,” तो म्हणाला. “बारक्या. रोज.”

भावोजी वळले नाहीत. मला वाटलं, आता मारतात. माझ्या स्वतःच्या मुठी वळल्या होत्या, आमच्या पोराचं नाव त्याच्या तोंडी ऐकून. भावोजींनी बाहीनं नाक पुसलं.

“काय म्हणतो?”

“गाडी काढ म्हणतो. दारातून गाडी काढ.”

भावोजींनी दांड्याला हात घातला.

“उद्यापासून तू सांगत जा,” ते म्हणाले. “मोठ्यानं. उचल.”